फुटलेली कांच व मालकाचा हक्क

हल्लीं शेतकऱ्याच्या घरांतील अवजारांची यादी करूं गेल्यास तींत मोबाइल फोनाचें नांव घातल्यावांचून गत्यंतर नाहीं. नांगर, कोळपें, फवारणीचा पंप आणि विहिरीवरील मोटार यांच्या रांगेंत तोहि आतां जाऊन बसला आहे. परंतु या एका अवजारांत व इतर अवजारांत मोठा भेद आहे. नांगराचा फाळ बोथटला तर आपण तो लोहाराकडून पाजवून घेतों, किंवा बाजारांतून नवा आणून आपल्या हातानें बसवितों. त्यासाठीं कारखानदाराची परवानगी मागावी, असें कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. फोनाची कांच फुटली म्हणजे मात्र चांगला कर्ता शेतकरीहि हातपाय गाळून बसतो. कांच फुटली कीं फोन मेला, अशी एक समजूत सर्वत्र पसरली आहे. आणि ती पसरण्यांत कोणाचें हित आहे, हें सांगावयास नको. आमचें मत असें कीं, ही कांच बदलण्याचें काम पुष्कळ फोनांच्या बाबतींत घरच्या घरीं होण्यासारखें आहे. व जेथें तें होत नाहीं, तेथें दोष बहुधा आपल्या हातांचा नसून वस्तु विकणाराच्या धोरणाचा असतो.

कांच फुटणें ही शहरांतील माणसास एक अडचण असेल. शेतकऱ्यास ती हंगामाची हानि आहे. आमची हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली असल्यामुळें एकच उदाहरण देतों. गांव नमुना बारामध्यें पिकांची नोंद पूर्वीं तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि आपल्या पिकाची नोंद आपणच, शेतांत उभे राहून, फोनानें छायाचित्र घेऊन करावी, असा क्रम पडला. या कामास ठराविक मुदत असते. मुदतींत राहिलेल्या नोंदी पुऱ्या करण्यास सहायक नेमतात, हें खरें. पण आपल्या हातचें काम दुसऱ्याच्या सवडीवर टाकणें कितपत शहाणपणाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. हमीभावाची खरेदी असो, पीककर्ज असो, कीं अतिवृष्टीची मदत असो, प्रथम नोंद पाहिली जाते. ज्याच्या फोनाची कांच ऐन मुदतींत फुटली, त्याचें पीक शेतांत डोलत असूनहि कागदावर उगवत नाहीं! याखेरीज बँकेचा सांकेतिक अंक त्याच फोनावर यावयाचा, पी. एम. किसानची ओळख-पडताळणी त्यावरच व्हावयाची, बाजारभाव त्यावरच पाहावयाचा, आणि खतवाल्याचे पैसेहि त्यावरूनच चुकते करावयाचे. अशा वस्तूस चार दिवस तालुक्याच्या दुकानांत ठेवणें म्हणजे पेरणीच्या तोंडावर बैल दुसऱ्याच्या दावणीस बांधण्यासारखें आहे.

आतां ही कांच फुटते कां, हें थोडक्यांत पाहूं. फोनाची कांच साध्या खिडकीच्या कांचेसारखी नसते. तिला वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारांत बुडवून ठेवितात. त्या योगें तिच्या पृष्ठभागांतील सोडियमचे लहान कण निघून जाऊन त्यांच्या जागीं पोटॅशियमचे मोठे कण दाटीनें बसतात, व कांचेचा वरचा थर सर्व बाजूंनीं आवळल्यासारखा होतो. हा आवळलेला थर शाबूत आहे तोंवर कांच बरेच धक्के सोसते. परंतु वाळूंतील गारेचा कण या कांचेहून कठीण असतो. शेतांत काम करणाराच्या खिशांत माती व वाळू असावयाचीच. तिचे ओरखडे कांचेवर पडत जातात, आणि एखादा खोल ओरखडा आवळलेल्या थराच्या पार गेला म्हणजे पुढच्या लहानशा पडण्यानेंहि कांच तडकते. म्हणून खिसा झाडून ठेवणें व वर पातळ संरक्षक कांच लावणें, हा उपाय अगदीं स्वस्तांतला. पुष्कळदां ती वरची संरक्षक कांचच फुटलेली असते आणि मालक उगाच घाबरतो. ती नखानें उचलून काढावी व खालीं बोट फिरवून पाहावें.

खालची कांच खरोखरच फुटली असेल तर पुढील गोष्ट समजून घेतली पाहिजे. आजच्या बहुतेक फोनांत वरची कांच, स्पर्श ओळखणारा थर आणि चित्र दाखविणारा पडदा हे तिन्ही एकमेकांस पारदर्शक डिंकानें चिकटविलेले असतात. नुसती कांच वेगळी करण्यास विशेष यंत्रें लागतात. तें घरचें काम नव्हे. घरीं करावयाचें तें हें कीं, हा सर्व जोड एकदम बदलावयाचा. बाजारांत यास 'फोल्डर' किंवा 'कॉम्बो' म्हणतात. साध्या एल. सी. डी. पडद्याचा जोड पुष्कळदां हजार ते दोन हजार रुपयांच्या घरांत मिळतो. ॲमोलेड जातीचा पडदा बराच महाग पडतो. ज्या फोनांत बोटाचा ठसा पडद्याखालीं घेतात, त्यांत ॲमोलेडच्या जागीं स्वस्त एल. सी. डी. बसविल्यास ठशाची सोय बंद पडते. तेव्हां दुकानदार 'सर्व कांहीं तेंच आहे' म्हणाला तरी हा प्रश्न अवश्य विचारावा. एकाच नांवाच्या फोनाचे अनेक नमुने असतात, म्हणून नांवावर न जातां फोनाच्या माहितींतील नमुना-क्रमांक कागदावर उतरून न्यावा. शक्य असल्यास चौकटीसह पडदा घ्यावा. त्यास पैसे थोडे अधिक पडतात व आंतील भाग नव्या चौकटींत हलवावे लागतात, परंतु फुटकी कांच कणाकणानें खरवडून काढण्याचा त्रास वांचतो.

कामास बसण्यापूर्वीं फोनांतील कागदपत्रें व छायाचित्रें दुसरीकडे उतरून घ्यावीं. स्पर्श चालत नसेल पण चित्र दिसत असेल, तर लहानशी ओ. टी. जी. जोडणी लावून संगणकाचा माउस बहुतेक फोनांस लागतो व तेवढें काम भागतें. नंतर बॅटरी चौथाईहून खालीं उतरूं द्यावी, फोन बंद करावा, आणि सिमकार्डाची खांचणी बाहेर काढून ठेवावी. फुटक्या कांचेवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे कपच्या उडत नाहींत; डोळ्यांवर चष्मा असावा.

बहुतेक ॲन्ड्रॉइड फोन मागच्या बाजूनें उघडतात. मागचें झांकण डिंकानें बसविलेलें असेल तर केस वाळविण्याच्या यंत्रानें कडा सोसवेल इतपतच गरम कराव्या, व जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाची कड आंत सरकवून हळूहळू चहूंकडे फिरवावी. धातूची सुरी वापरूं नये. आंत लहान लहान स्क्रू दिसतील. त्यांची लांबी सारखी नसते, आणि लांब स्क्रू आंखुडाच्या जागीं घट्ट केल्यास तो खालच्या पाटीस भोंक पाडून फोन कायमचा निकामी करूं शकतो. येथें आमची कारकुनी उपयोगी पडली. आम्ही एका कागदावर फोनाची आकृति काढतों, ज्या जागेचा स्क्रू त्या जागीं चिकटपट्टीनें लावतों, व त्यास क्रमांक देतों. गटाच्या नकाशावर जसे हद्दीचे दगड, तसे हे स्क्रू. ज्या क्रमानें काढिले त्याच्या उलट क्रमानें बसवावे म्हणजे घोंटाळा होत नाहीं.

झांकण निघाल्यावर सर्वांत प्रथम बॅटरीची जोडणी प्लॅस्टिकच्या काडीनें उचलून सोडवावी. तिच्या आधीं दुसऱ्या कशासहि हात लावूं नये. त्यानंतर पडद्याची पट्टी सोडवावी, आणि नवा पडदा चिकटविण्यापूर्वीं नुसता जोडून पाहावा: बॅटरी तात्पुरती जोडून फोन चालू करावा, चित्र स्वच्छ आहे काय व चारहि कोपऱ्यांस स्पर्श लागतो काय, याची खात्री करावी. वाईट निघाल्यास तो याच वेळीं परत करावयाचा. डिंक लागल्यावर दुकानदार परत घेत नाहीं. खात्री पटल्यावर फोन पुन्हां बंद करून बॅटरी सोडवावी, जुना पडदा गरम करून काढावा, चौकटींतील डिंक व कांचेचा चुरा निपटून पुसावा, नव्या डिंकाची बारीक रेघ ओढावी, पडदा बसवून रबराच्या पट्ट्यांनीं आवळावा, व कांहीं तास तसाच राहूं द्यावा. पहिल्या खेपेस दोन-तीन तास सहज लागतात. आमच्या घरचे व शेजारचे मिळून चार फोन आम्हीं या रीतीनें उघडले. चारहि आज चालू आहेत. आमचें शिक्षण मराठी मिडलपलीकडे नाहीं, हें मुद्दाम सांगतों तें एवढ्याचसाठीं कीं, या कामास मोठी विद्या लागते असें कोणीं समजूं नये. लागतो तो धीर, उजेड आणि नीटनेटकेपणा.

तथापि सर्वांनीं सर्व फोन उघडावे, असें आमचें म्हणणें नाहीं. फोन हमीच्या मुदतींत असेल किंवा त्याचा विमा उतरला असेल, तर प्रथम त्या कागदांतील अटी वाचाव्या. पडून फुटलेली कांच साधारणतः हमींत येत नाहीं, परंतु फोन उघडल्यानें उरलेली हमी जाण्याचा संभव असतो. कडांस वांकविलेल्या पडद्याचे व घडी घालण्याचे फोन घरीं उघडूं नयेत. बॅटरी फुगलेली दिसल्यास काम तेथेंच थांबवावें. लिथियमची बॅटरी टोंचली किंवा वांकली तर पेट घेते व तिचा धूर विषारी असतो. म्हणून काम मोकळ्या हवेंत करावें, लहान मुलांस जवळ बसूं देऊं नये, आणि शेजारीं कोरड्या वाळूची बादली ठेवावी. घरीं उघडलेल्या फोनाची पाण्यापासून बचाव करण्याची शक्ति पूर्वींसारखी राहील, असें धरून चालूं नये. पावसांत तो पिशवींत ठेवावा. जुना पडदा व जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकूं नये, कारण उकिरड्याचें खत शेवटीं आपल्याच शेतांत जातें. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत. हा कचरा अधिकृत संकलकाकडेच द्यावा.

एवढी माहिती दिल्यानंतर आमच्या मुख्य म्हणण्याकडे वळतों. जमिनीच्या कागदांशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांस भोगवटादार वर्ग एक व वर्ग दोन हा भेद परिचित आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यांत तो सांगितला आहे. वर्ग एकचा भोगवटादार आपली जमीन मोकळेपणानें विकूं शकतो. वर्ग दोनच्या भोगवटादाराचें नांव सातबारावर असलें, नांगर त्याचा असला, घाम त्याचा असला, तरी हस्तांतर करण्यास त्यास परवानगी लागते. सरकारनें दिलेल्या जमिनीस असें बंधन असण्यास कारण आहे. ती जमीन गरिबाच्या हातून सावकाराच्या हातीं जाऊं नये, हा त्याचा हेतु. परंतु रोख पैसे मोजून, पावती घेऊन विकत आणलेल्या फोनावरहि आपला हक्क वर्ग दोनचाच असावा, यास कोणतें कारण आहे? स्क्रूंस असा आकार द्यावयाचा कीं साधा पेचकस लागूं नये. दुरुस्तीची पुस्तिका गुप्त ठेवावयाची. सुटे भाग फक्त आपल्या केंद्रांस द्यावयाचे. आणि सर्वांवर कळस म्हणजे, भागावर सांकेतिक क्रमांक घालून तो भाग दुसऱ्या कोणीं बसविल्यास फोनानें त्यास ओळखूंच नये, अशी तजवीज करावयाची! २०२१ सालीं ॲपल कंपनीच्या आयफोन १३ मध्यें बाहेरच्या कारागिरानें पडदा बदलला असतां चेहरा ओळखण्याची सोय बंद पडत असे. फार ओरड झाली तेव्हां कंपनीनें तें बंधन सैल केलें. ओरडीनें जें सैल होतें, तें मुळांत सुरक्षिततेसाठीं होतें असें कसें म्हणावें?

कंपन्यांच्या बाजूनें दोन मुद्दे मांडले जातात. एक, अडाण्याच्या हातून बॅटरीस अपाय होईल. दुसरा, बाहेरचा भाग हलका असल्यास ग्राहकच फसेल. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे, हें आम्हीं वर दिलेल्या सूचनांवरूनच दिसेल. पण त्यांवरील उपाय माहिती दडविणें हा नव्हे, माहिती देणें हा आहे. कीटकनाशक विषारी असतें म्हणून शेतकऱ्यास तें विकूंच नये, असें कोणी म्हणत नाहीं. डब्यावर वापरण्याची रीत व धोक्याचें चिन्ह छापतात. त्याच न्यायानें दुरुस्तीची पुस्तिका फोनाबरोबर द्यावी, व खरा भाग वाजवी किमतीस खुल्या बाजारांत ठेवावा. खरा भाग मिळाला तर नकली भाग घेण्यास कोण जाईल?

हा प्रश्न फोनापुरताच आहे असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील शेतकऱ्यांस आपले ट्रॅक्टर आपण दुरुस्त करतां येईनात, कारण त्यांतील संगणकाचें कुलूप विक्रेत्याच्या हातीं होतें. कोलोरॅडो संस्थानानें २०२३ सालीं शेतीच्या यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, व तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्यें तेथील फेडरल ट्रेड कमिशननें डीअर या ट्रॅक्टर कंपनीवर याच कारणासाठीं दावा लावला. ऑरेगॉन संस्थानानें २०२४ सालीं कायदा करून भागांस सांकेतिक क्रमांकानें जखडण्याची युक्तीच निषिद्ध ठरविली. फ्रान्स देशांत १ जानेवारी २०२१ पासून फोनावर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापावे लागूं लागले. आणि युरोपीय संघांत २० जून २०२५ पासून असा नियम आहे कीं, एखाद्या नमुन्याची विक्री थांबल्यावरहि सात वर्षें त्याचे महत्त्वाचे सुटे भाग पुरविले पाहिजेत. म्हणजे जें आपल्याकडे 'होणें नाहीं' म्हणून सांगतात, तें त्याच कंपन्या इतरत्र मुकाट्यानें करीत आहेत.

आपल्या देशांतहि याविषयीं हालचाल झाली आहे. जुलै २०२२ मध्यें केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक समिति नेमली, आणि तिनें विचारांत घेतलेल्या क्षेत्रांत शेतीचीं अवजारें व मोबाइल फोन हीं दोन्ही होतीं, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. २४ डिसेंबर २०२२ रोजीं या हक्काचें माहिती-संकेतस्थळ उघडण्यांत आलें. फोनांसाठीं दुरुस्ती-निर्देशांक कसा असावा याचा अहवालहि मे २०२५ मध्यें सादर झाला. भाग किती सहज सुटतात, सुटे भाग मिळतात काय, माहिती व हत्यारें उपलब्ध आहेत काय, अशा कसोट्यांवर गुण देण्याची ती योजना आहे. परंतु अहवालापासून अंमलबजावणीपर्यंतची वाट किती लांब असते, हें ज्याचें आयुष्य कचेरींत गेलें त्यास सांगावयास नको. मागणाराचा तगादा नसेल तर कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यासच वर्ष लागतें.

म्हणून आमच्या संस्थेस व सभासदांस आमची सूचना अशी आहे. संस्था ज्याप्रमाणें पेरणीयंत्र व फवाऱ्याचे पंप भाड्यानें देते, त्याचप्रमाणें तिनें फोन-दुरुस्तीची एक पेटी ठेवावी. चांगले पेचकस, चिमटा, प्लॅस्टिकच्या काड्या, कडा गरम करण्याचें यंत्र व डिंक एवढें साहित्य एका पेटींत मावतें, आणि त्याचा खर्च सभासदांत वांटला असतां नगण्य आहे. आय. टी. आय. शिकलेला गांवचा एखादा मुलगा किंवा मुलगी या कामीं तयार करावी, व ज्यांचे हात थरथरतात त्यांचें काम तिनें माफक मजुरीवर करावें. म्हणजे जुन्या गांवगाड्यांतील सुताराची व लोहाराची जी जागा आज रिकामी पडली आहे, ती नव्या रूपानें भरेल. सभासदांनीं नवा फोन घेतांना त्याचा कॅमेरा किती मोठा हें विचारण्याआधीं त्याचा पडदा कितीस मिळतो, बॅटरी कशी निघते व भाग किती वर्षें मिळतील, हें विचारावें. बैल घेतांना आपण त्याचे नुसते शिंगांचे रंग पाहत नाहीं. दांत मोजतों, खूर पाहतों, चालवून पाहतों. तीच दृष्टि येथें ठेवावी. आणि संस्थेच्या वार्षिक सभेंत एक ठराव करून तो ग्राहक व्यवहार विभागाकडे धाडावा, कीं फोन व ट्रॅक्टर या दोहोंच्या बाबतींत सुटे भाग, पुस्तिका व हत्यारें खुल्या बाजारांत देणें कायद्यानें सक्तीचें करावें.

एका फोनाची कांच बदलून वांचलेले दोन-चारशें रुपये मजुरीचे, ही बाब क्षुल्लक आहे. परंतु आपण विकत घेतलेली वस्तु आपल्या हातानें उघडावयाची नाहीं, ही संवय एकदां अंगवळणी पडली, म्हणजे उद्यां ट्रॅक्टर बंद पडेल तेव्हां, परवां पंप बंद पडेल तेव्हां, आपण असेच हात जोडून दाराशीं उभे राहूं. ज्या वस्तूची दुरुस्ती करण्याचा अधिकार आपला नाहीं, तिच्या पावतीवर नांव आपलें असलें तरी मालकी दुसऱ्याचीच समजावी. शेतकऱ्यानें जमिनीच्या मालकीसाठीं पिढ्यान्‌पिढ्या झगडा केला; आतां अवजाराच्या मालकीकडेहि त्यानें तितक्याच जागरूकपणें पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.